टोपलीभर माती आणि सरकारची हद्द

सरकारने काय करावे आणि काय करू नये, हा वाद निघाला की स्थितिवादी आणि उदारमतवादी अशी दोन नावे हटकून पुढे येतात. ही नावे आपण इंग्रजी राजकारणातून घेतली आणि त्यांच्याबरोबर एक मापही घेतले: स्थितिवाद्याला सरकार थोडे हवे, उदारमतवाद्याला पुष्कळ हवे. परंतु हे माप त्याच्या मूळ भूमीतही फार काळ टिकलेले नाही. एकोणिसाव्या शतकात ग्लॅडस्टनच्या पक्षाला उदारमतवादी म्हणत, आणि सरकारने खर्च आवरावा, व्यापाराच्या वाटेतून दूर व्हावे, असा त्या पक्षाचा आग्रह असे. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत वृद्धांना निवृत्तिवेतन आणि बेकारांना साहाय्य सरकारने द्यावे असे म्हणणाऱ्यास उदारमतवादी म्हणू लागले. शब्द तोच राहिला. त्यातला माणूस मात्र एका बाकावरून उठून समोरच्या बाकावर जाऊन बसला.

तेव्हा सरकार किती हवे, हा प्रश्न या दोन प्रवृत्तींचे अंतर मोजण्यास अपुरा आहे. त्याऐवजी असे विचारून पाहावे: जेथे सरकार पोहोचत नाही तेथे दुबळ्या माणसाचे काय होते, आणि त्याच्या रक्षणासाठी कोणाचा भरवसा कशावर आहे? हा प्रश्न विचारला म्हणजे आपल्याकडील जुने वाद निराळे दिसू लागतात. त्यासाठी विलायतेस जाण्याचे कारण नाही. छत्तीसगढातच, एका मराठी माणसाने हिंदीत लिहिलेली एक लहानशी गोष्ट या कामी पुरेशी आहे.

माधवराव सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही ती गोष्ट. सप्र्यांचा जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातला. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ-मित्र’ हे मासिक सुरू केले. वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहकारी. मासिक तीनच वर्षे चालले. परंतु १९०१ साली त्यात आलेली ही गोष्ट हिंदीतील पहिली लघुकथा होय की नाही, यावर हिंदी समीक्षकांत अजून वाद चालतो. किशोरीलाल गोस्वामी यांच्या ‘इंदुमती’कडे तो मान देणारेही आहेत. त्या वादात आपणास पडावयाचे नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की, या दीड-दोन पानांच्या गोष्टीत सरकार एकदाच, एका वाक्यापुरते येते आणि तेवढ्यात सगळा अनर्थ होतो.

कथानक साधे आहे. एका जमीनदाराच्या वाड्याशेजारी एका विधवेची झोपडी असते. वाड्याचे आवार वाढवावे असे जमीनदाराच्या मनात येते. म्हातारी हटत नाही; नवरा, मुलगा, सून सगळे त्याच झोपडीत गेलेले, आणि आता पाच वर्षांची नात तेवढी उरलेली. मग जमीनदार वकिलांचे हात ओले करतो आणि अदालतीकडून झोपडीचा ताबा मिळवतो. म्हातारी बेघर होते. पुढे एके दिवशी ती टोपली घेऊन येते व विनवते की, झोपडी सुटल्यापासून नात अन्नाला शिवत नाही, तेव्हा येथली टोपलीभर माती द्यावी, तिची चूल घालून भाकरी करीन. माती भरल्यावर ती जमीनदारालाच हात लावावयास सांगते. त्याला टोपली हलत नाही. म्हातारी शांतपणे विचारते की, एका टोपलीचा भार पेलत नाही, मग या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलणार? जमीनदाराचे डोळे उघडतात. तो क्षमा मागून झोपडी परत देतो.

कलादृष्ट्या गोष्टीत उणिवा आहेत. जमीनदाराचे मन एका क्षणात पालटते, आणि त्या पालटाची तयारी लेखकाने केलेली नाही. नात तर केवळ निमित्तापुरतीच उरते. असे असूनही गोष्ट मनातून जात नाही, याचे कारण म्हातारीच्या बोलण्यात आहे. ती हक्क सांगत नाही, शाप देत नाही, निकालाविरुद्ध अवाक्षर काढीत नाही. ती फक्त वजन करावयास लावते. अदालतीत ज्या मातीचे चौरस हात मोजले गेले, तिचा भार पहिल्यांदा जमीनदाराच्या हाताला लागतो. नीतितत्त्वाचे इतके मूर्त रूप त्या काळच्या आपल्या बोधपर गोष्टींत क्वचितच सापडेल.

आता ही गोष्ट दोन वाचकांच्या हाती देऊन पाहू.

पहिला वाचक परंपरेचा अभिमानी. तो म्हणेल, पाहा, कायदा विकत मिळतो, अंतःकरण विकत मिळत नाही. सरकारच्या दाराशी अन्याय झाला आणि माणसाच्या मनात न्याय झाला. समाज सुधारावयाचा तो आतून सुधारला पाहिजे. या भूमिकेचा आपल्याकडील सर्वांत समर्थ वकील म्हणजे लोकमान्य टिळक. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा पतीच्या अत्याचाराने मृत्यू झाला, आणि संमतीचे वय दहावरून बारा करणारे विधेयक पुढे आले. टिळकांनी त्यास कडवा विरोध केला. परंतु त्यांचा विरोध ‘आहे ते बरे आहे’ म्हणणाऱ्याचा नव्हता. सुधारणा हवी असलेल्यांनी प्रथम स्वतःस बांधून घ्यावे, मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करू नये, अशी त्यांनी सुधारकांना दिलेली प्रतियोजना कायद्याच्या बारा वर्षांच्याही पुढे जाणारी होती. फरक होता तो साधनाचा. व्रत चालेल, परक्या सरकारचा दंडुका चालणार नाही. घराचा उंबरठा सरकारने ओलांडू नये, कारण एकदा ओलांडला की ते कोठे थांबेल याचा नेम नाही.

पण याच टिळकांनी १८९६-९७ च्या दुष्काळात ‘केसरी’तून सरकारचा दुष्काळी कायदा रयतेला समजावून सांगितला आणि पीक बुडाले असता सारा भरण्यासाठी गुरेढोरे विकू नका, सूट हा तुमचा हक्क आहे, असे बजावले. उंबरठ्यावर ज्या सरकारला अडविले त्यालाच शिवारात हाक मारली. यात विसंगती पाहणारे इंग्रजी मापाने मोजत असतात. टिळकांच्या हिशेबात विसंगती नव्हती: घर हे समाजाच्या शासनाखाली, शिवार हे सरकारच्या. सारा घेणाऱ्याने दुष्काळाची जबाबदारीही घेतली पाहिजे.

दुसरा वाचक उदारमतवादी. तो या गोष्टीच्या शेवटाने संतुष्ट होणार नाही. तो विचारील, जमीनदाराला पश्चात्ताप झाला नसता तर? टोपली हलकी असती तर? म्हातारीचे छप्पर जमीनदाराच्या दंडातील बळावर आणि मनातील ओलाव्यावर का अवलंबून असावे? दयेचा निवाडा कितीही सुंदर असला तरी त्यावर अपील नसते, आणि तो दुसऱ्या म्हातारीला उपयोगी पडत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांना हा प्रश्न पुस्तकातून कळला नव्हता. १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकरी सावकारांच्या वह्या जाळण्यास उठले, ते याच प्रकारच्या अदालती हुकूमनाम्यांमुळे. सावकाराने कागद दाखवावा, न्यायाधीशाने वाचावा, आणि शेत जावे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला त्या कागदाच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. रानडे पुढे याच कायद्याखालील विशेष न्यायाधीश झाले. सरकारी नोकरीत राहून, फायली उपसत, त्यांनी पाहिले की दोन पक्ष असमान असताना सरकारने केवळ तटस्थ राहणे म्हणजे बलवानाच्या बाजूस राहणे होय. १८९२ साली डेक्कन कॉलेजातील आपल्या व्याख्यानात त्यांनी विलायती अर्थशास्त्राचा निर्हस्तक्षेपाचा सिद्धान्त हिंदुस्थानास जसाच्या तसा लागू पडत नाही असे मांडले, त्याच्या मुळाशी हा अनुभव असावा.

आगरकरांची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. ते मिल्ल आणि स्पेन्सर यांचे भक्त. स्पेन्सर तर व्यक्तीच्या व्यवहारात सरकारने हात घालू नये म्हणणाऱ्यांचा अग्रणी. १८८४ सालच्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच व्यक्तीला सरकारच्या विरुद्ध उभे केले आहे. तरीही त्याच्या या शिष्याने ‘सुधारका’तून संमतिवयाच्या कायद्याचा पुरस्कार केला. गुरूला सोडले काय? तसे नव्हे. स्पेन्सरच्या देशात व्यक्तीच्या उरावर बसणारी मुख्य सत्ता सरकारची होती. आगरकरांच्या देशात ती रूढीची होती. व्यक्तीला मोकळे करावयाचे असेल तर जी सत्ता तिला अधिक दाबते तिच्याविरुद्ध दुसरीची मदत घेणे त्यांना गैर वाटले नाही. दहा वर्षांच्या मुलीला व्रताचा उपयोग नाही, कारण व्रत घेणारा तिचा बाप आणि मोडणारा तिचा नवरा. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला. त्याची अंमलबजावणी दुबळी राहिली, हे खरे. पण सरकारच्या संरक्षणाचा हक्क मुलीलाही आहे, हे तत्त्व उंबरठ्याच्या आत गेले ते गेलेच.

येथे जोतीराव फुल्यांची आठवण करावी लागते, कारण ते या दोन बाकांपैकी एकाही बाकावर बसत नाहीत. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन करताना त्यांनी सरकारकडे अधिक काही मागितले: रयतेच्या पैशातून वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, तो प्राथमिक शिक्षणाकडे वळवा. म्हणजे ते सरकारवादी झाले. पण लगेच पुढच्या वर्षीच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी त्याच सरकारच्या कचेऱ्या उघड्या पाडल्या. वर आरामात गढलेला गोरा अंमलदार, खाली लेखणी चालविणारा भटकामगार, आणि मध्ये नाडला जाणारा अक्षरशत्रू कुणबी. टिळक-रानडे वादात ‘सरकार’ हा शब्द एकसंध वस्तूसारखा वापरला गेला. फुल्यांनी त्याचे मांस आणि हाडे दाखविली. सरकार किती, याआधी त्यांनी विचारले: सरकार म्हणजे कोण? खुर्चीवर कोणाचा मुलगा बसला आहे? सप्र्यांच्या गोष्टीतील वकिलांचे हात ओले झाले, त्या वाक्यावर फुले सर्वांत जास्त वेळ थांबले असते.

आता गोष्टीतील जमीनदाराकडे पुन्हा वळू. कारण तो छत्तीसगढच्या मातीतला आहे, आणि या मातीचा इतिहास परंपरावाद्याच्या युक्तिवादाला एक अडचणीचा प्रश्न विचारतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात येथे गावचा गौंटिया सारा गोळा करून देणारा प्रमुख होता. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाल्यावर इंग्रजांनी जी जमाबंदी केली तीत मालगुजारांना मालकी हक्क बहाल झाला. जो वसूल करणारा होता तो धनी झाला. आणि हे रूढीने केले नाही, देवानेही केले नाही, सरकारी दप्तराने केले. म्हणून सरकारने गावच्या व्यवहारात पडू नये असे जेव्हा जमीनदार म्हणतो, तेव्हा सरकार तेथे आधीच पडलेले आहे, हे तो विसरतो. त्याचे आवार, त्याची सनद आणि त्याचा ताबा यांच्या मुळाशी सरकारच आहे. ज्याला आपण सरकारचे दूर राहणे म्हणतो ते पुष्कळदा सरकारने पूर्वी एकदा येऊन, एकाच्या बाजूने निकाल देऊन, निघून जाणे असते.

या दोन वाटांची प्रत्यक्ष परीक्षा १९५१ च्या वसंतात झाली, आणि तीही तीन आठवड्यांच्या आत. ३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी हक्क शासनाकडे गेले; रायपूरचा रयत मधला धनी गेल्याने सरळ सरकारचा झाला. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १८ एप्रिलला, तेलंगणातील पोचमपल्लीत विनोबांच्या मागणीवर एका जमीनदाराने शंभर एकर जमीन दिली आणि भूदानाचा उगम झाला. एकीकडे कायदा, एकीकडे हृदयपरिवर्तन. विनोबा जणू सप्र्यांची म्हातारी होऊन तेरा-चौदा वर्षे देशभर टोपली घेऊन फिरले.

परिणाम काय झाला? भूदानाने लाखो एकरांचे दान मिळवले, इतकी मोठी दानाची लाट जगाने क्वचितच पाहिली असेल. पण पाच कोटी एकरांचा संकल्प दूर राहिला, मिळालेल्या जमिनीपैकी बरीच नापीक निघाली, आणि जी चांगली होती ती भूमिहीनाच्या नावे करण्यासाठी राज्याराज्यांना भूदानाचे कायदे करावे लागले. हृदयाने दिलेले दप्तराने टिकवावे लागले. उलट कायद्याने मालगुजारी गेली, परंतु घरची शेती मालगुजारापाशी राहिली आणि तिच्याबरोबर गावातला त्याचा दरारा. तो कायद्याच्या कोणत्याच कलमात मोडत नव्हता. कायद्याने नेलेले मनाने परत आणले. दोन्ही वाटांनी आपापली मर्यादा दाखविली.

उदारमतवाद्यानेही येथे फार हुरळून जाऊ नये. त्याच्या समोर धमतरीजवळचे कंडेल ठेवावे. सरकारी कालवा आला, म्हणजे सरकारने जनहिताचे काम केले. शेतकरी पाण्याचा दीर्घ मुदतीचा करार करीत ना. १९२० च्या पावसाळ्यात त्यांच्यावर पाणी चोरल्याचा आरोप येऊन गावावर सामुदायिक दंड बसला, जप्त्या निघाल्या. पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले यांच्या नेतृत्वाखाली गावाने दंड भरण्यास नकार दिला, आणि अखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. उपकार करणारे सरकार आणि दंड करणारे सरकार ही दोन निराळी खाती नव्हेत. एकाच खात्याची ती दोन पाने आहेत. सरकार जेव्हा कल्याणासाठी हद्द ओलांडते, तेव्हा ज्याचे कल्याण करावयाचे त्याला नाही म्हणता येते काय, हे विचारणे उदारमतवाद्याचेच काम आहे. आणि तेच तो पुष्कळदा परंपरावाद्यावर टाकून मोकळा होतो.

‘छत्तीसगढ-मित्रा’च्याच मंडळीतील वामनराव लाखे यांनी आपल्या परीने एक तिसरी वाट चोखाळली. १९१३ साली रायपुरात सहकारी बँक उभी राहिली, तीत त्यांचा पुढाकार होता. सावकाराच्या दयेवर सोडू नये आणि सरकारच्या मेहेरबानीवरही बसू नये. कायद्याचा आधार घ्यावा, पण कारभार आपला ठेवावा, हा त्यातला विचार. पुढे सहकाराचे हिंदुस्थानात जे झाले ते आपणांस ठाऊक आहे. तरी मूळ कल्पना अजून जुनी झालेली नाही. रायपुरात आज सप्र्यांच्या नावाची शाळा आणि लाख्यांच्या नावाची वस्ती आहे. एकाच मासिकाच्या दोन चालकांनी एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरे, एक गोष्टीत आणि एक बँकेत, शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

आज छत्तीसगढात सरकारने किती करावे यावर पक्षापक्षांत भेद शोधू गेल्यास तो फारसा सापडत नाही. २०१८ साली काँग्रेसने धानाला क्विंटलमागे २५०० रुपयांचे वचन दिले; २०२३ साली भारतीय जनता पक्षाने ३१०० रुपये आणि एकरी २१ क्विंटल खरेदीचे दिले, त्याच वेळी काँग्रेस ३२०० म्हणत होती. शिवारात सरकारला हाक मारण्यात आता सगळेच टिळकांचे अनुयायी आहेत. भेद पुन्हा त्या जुन्या उंबरठ्यापाशीच निघतो: विवाह, धर्म, अन्न, वेश यांत कायद्याने कोठवर जावे? आणि गंमत अशी की, जे एका बाबतीत सरकारला बाहेर थांबवितात तेच दुसऱ्या बाबतीत त्याला आत बोलावितात. इंग्रजी माप येथेही निकामी ठरते. ‘दुबळ्याच्या रक्षणासाठी भरवसा कशावर?’ हा प्रश्न मात्र अजून चालतो.

माझ्या मते सप्र्यांच्या गोष्टीचे मोल तिच्या शेवटात नाही, तर त्या शेवटाने जी पोकळी झाकली जात नाही तीत आहे. जमीनदार सुधारला, अदालत सुधारली नाही. निकाल कायम आहे. उद्या दुसरा जमीनदार त्याच वाटेने जाईल आणि त्याला ताबा मिळेल. लेखकाने हे जाणून लिहिले की नाही, ठाऊक नाही. पण चांगली गोष्ट लेखकापेक्षा अधिक जाणते. परंपरावाद्याचे म्हणणे खरे की, मन हलल्यावाचून झोपडी परत मिळत नाही. उदारमतवाद्याचे म्हणणे खरे की, मन हलेपर्यंत म्हातारीला उघड्यावर ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. दोहोंतून निवड करावयाची झाल्यास मी दुसऱ्याच्या बाजूने कौल देईन, कारण उशीर नेहमी दुबळ्याच्या खर्चाने होतो. मात्र फुल्यांची अट घालून: ज्या हाताने हुकूम लिहिला जातो तो हात कोणाचा, आणि तो कोणी ओला केला आहे, हे आधी पाहावे.

आपण, जे या नाहीतर त्या प्रांतात कचेरीच्या खुर्चीवर बसलो आहोत, त्यांना या गोष्टीत स्वतःची जागा शोधावयाची असेल तर ती जमीनदारात नाही आणि म्हातारीतही नाही. ज्या एका अधिकाऱ्याने ताब्याचा हुकूम काढला, ज्याला लेखकाने नावही दिले नाही, ती आपली जागा. त्याच्यापुढे कागद चोख होते. त्याने नियमाप्रमाणे सही केली असेल, आणि संध्याकाळी निश्चिंत मनाने घरी गेला असेल. सरकारची हद्द कोठे असावी, याचा निर्णय कायदेमंडळे करोत. परंतु त्या हद्दीच्या आत येणाऱ्या प्रत्येक कागदाखाली किती माती आहे, हे सही करण्यापूर्वी एकदा हाताने उचलून पाहणे, एवढे तरी कोणत्याही पक्षाच्या सरकारात शक्य असते.